आग खरी, सराव खरा: फायर ड्रिलचे फोटो फोनवर कसे काढायचे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिखित स्वरूपात.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या आठवणीत देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. या आठवड्यात ठिकठिकाणी खरी आग पेटवून प्रात्यक्षिकं होतात, आणि मी तिथे फोटो काढायला जाते.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न: "फोनमध्ये आग पांढरी का दिसते?" कारण सोपं आहे. काळा धूर, गडद हेल्मेटं, मध्ये एक झगझगीत ज्वाळा. फोनला वाटतं अंधार आहे, म्हणून तो सगळंच उजळवतो आणि ज्वाळेचा नुसता पांढरा ठिपका उरतो. उपाय काय? ज्वाळेवर बोट दाबून धरा, एक्सपोजर लॉक करा आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढा. जवान थोडा काळसर आला तरी चालेल, तो नंतर उजळता येतो. पांढरी झालेली ज्वाळा मात्र परत येत नाही.

प्रो मोड असेल तर शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवा, पाण्याचे थेंब सुटे दिसतील. व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर, म्हणजे आगीचा केशरी रंग टिकतो. आणि फ्लॅश बंद! जॅकेटवरच्या चमकत्या पट्ट्या फ्लॅश सरळ तुमच्याकडे परत फेकतात. पट्टीच दिसते, माणूस नाही.

आता टायमिंग. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती साधारण १७०० पट जागा घेते. म्हणजे लाकडाच्या पेटत्या ढिगावर पाणी पडलं की क्षणात सगळी फ्रेम पांढरी. म्हणून खरा फोटो त्याच्या आधीचा: श्वसनाचा बीए सेट चढवणारे हात, नोझलवरची पकड, पुढच्याच्या खांद्यावर मागच्याने ठेवलेला हात.

हे फोटो लाइक्सपुरते नसतात बरं का. ड्रिलनंतर मी ते तिथल्या अधिकाऱ्यांना पाठवते. एकदा त्यांनी ज्वाळांचे भारी फोटो भराभर सरकवले आणि एका साध्या फोटोवर थांबले. त्यात एका नव्या मुलाची कॉलर उघडी होती, मान दिसत होती. "हा द्या मला, उद्या वर्गात दाखवतो," म्हणाले. सरावात उघडी राहिलेली मान खऱ्या आगीत भाजते. तेव्हापासून मी ज्वाळेपेक्षा माणसाकडे जास्त बघते.

उभं कुठे राहायचं? आधी परवानगी घ्या आणि आखलेल्या दोरीच्या बाहेरच थांबा. वारा पाठीवर घ्या. जवानही तेलाच्या आगीकडे तसेच जातात. ज्वाळेच्या वरून पलीकडचं टिपू नका, गरम हवेमुळे चित्र थरथरतं; बाजूने घ्या. होजवर पाय नको. नायलॉन नको, सुती कपडे घाला. आणि फोन? ॲपल आयफोनसाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगतं. आपल्याकडे एप्रिलची दुपारच त्याच्या वर असते! दोन फोटोंच्या मध्ये तो सावलीत ठेवा.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं फक्त ड्रिलसाठी. खरी आग दिसली तर आधी १०१ किंवा ११२ लावा, मग मागे सरका आणि बंबाला वाट द्या. तिथे मोबाइल वर धरून उभी असलेली गर्दी म्हणजे बंबाचे वाया गेलेले सेकंद.

तुमच्या शहरात या एप्रिलला प्रात्यक्षिक असेल तर नक्की जा. फोटो काढा, आणि त्यांनाही पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!