आडलर म्हणजे गरुड

ज्या गावाचे नाव उच्चारताच ऐरण आणि घण डोळ्यांपुढे उभे राहतात, त्या लोहाऱ्यात नावांविषयी बोलायचे म्हणजे विषय कुणाला परका वाटू नये. शब्द मात्र दूरदेशीचा आहे. जर्मन भाषेत गरुडाला 'आडलर' म्हणतात, आणि तिकडे पुष्कळ घराण्यांचे ते आडनावही आहे. शिकारी पक्ष्याचे नाव माणसाला का चिकटते आणि चिकटल्यावर माणसाला त्याचा उपयोग काय, एवढाच आजचा प्रश्न.

प्रथम शब्द पाहू. जुन्या जर्मन भाषेत गरुडाला 'आर' किंवा 'आर्न' म्हणत. राजेरजवाडे शिकारीसाठी पक्षी पाळीत, त्या काळात पक्ष्यांतही उच्चनीच आले. कुलीन या अर्थाचा 'आडेल' हा शब्द मागच्या 'आर'ला जोडला गेला आणि त्याचा 'आडलर' झाला. म्हणजे या पक्ष्याच्या नावातच खानदान शिरले आहे. ससाण्याला तिकडे 'फाल्के' म्हणतात. तेही आडनाव आहे. गरुड आणि सत्ता असे दोन शब्द जोडून 'आर्नोल्ड' झाले. हे नाव आपल्याकडे फार पूर्वी येऊन गेले. पुण्याच्या ज्या कॉलेजाला पुढे डेक्कन कॉलेज म्हणू लागले, त्याचे प्राचार्य १८५७ च्या उठावाच्या काळात एडविन आर्नोल्ड हे होते. त्यांनीच पुढे १८७९ साली 'लाइट ऑफ एशिया' हे बुद्धचरित्र लिहिले.

आपण तरी निराळे काय केले? गरुड, ससाणे, घारे ही आडनावे आपल्या ओळखीची आहेत. शेजारच्या उदगीरला २०२२ साली मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष भारत ससाणे होते. ते जर्मनीत जन्मते तर त्यांना फाल्के म्हटले असते! वाघ, लांडगे, कोल्हे, कावळे हेही आपल्यात आहेतच. म्हणून कुणी वाघ आडनावाच्या माणसाला भिऊन रस्ता सोडत नाही, आणि कोल्हे आडनावाच्या माणसाला कुणी लबाड म्हणत नाही.

मग ही नावे आली कुठून? तिकडच्या ज्यू लोकांचे उदाहरण घ्या. त्यांच्यात पुष्कळांना कायम आडनाव नसे. अमक्याचा तमका, एवढ्यावर भागे. फ्रांकफुर्ट शहरात ज्यूंची एक बंदिस्त गल्ली होती. तिथे घरांना नंबर नसत, दारावर चिन्हे असत. लाल ढालीच्या चिन्हावरून रोथशिल्ड हे जगप्रसिद्ध आडनाव निघाले, तसे गरुडाच्या चिन्हावरून आडलर. पुढे ऑस्ट्रियाच्या जोसेफ बादशहाने १७८७ साली हुकूम काढला, की १ जानेवारी १७८८ पासून प्रत्येक ज्यू कुटुंबाने कायमचे जर्मन आडनाव लावलेच पाहिजे. बादशहाला त्यांच्या कुळाचा गौरव करायचा नव्हता. कर वसूल करायला, फौजेत माणसे भरायला आणि दप्तर नीट ठेवायला त्याला नावे हवी होती.

आपल्याला यात नवल वाटू नये. खेड्यातल्या किती माणसांची जन्मतारीख १ जून आहे ते आठवा. ती काही आईने सांगितलेली नव्हे, शाळेच्या दाखल्यासाठी मास्तरांनी लिहिलेली. आडनावाचेही पुष्कळदा तसेच झाले. ज्याच्या हातात लेखणी, त्याने नाव ठरवले.

आता दोन आडलरांची गोष्ट ऐका. दोघेही व्हिएन्नाचे, दोघेही डॉक्टर, पण एकमेकांचे कुणी नव्हते.

पहिले व्हिक्टर आडलर. जन्म १८५२ चा, प्राग शहरातला. खुशाल दवाखाना चालवून पैसा करता आला असता; पण १८८६ साली त्यांनी 'समता' या अर्थाच्या नावाचे साप्ताहिक काढले. १८८८ साली ते व्हिएन्नाच्या वेशीवरच्या वीटभट्ट्यांत गुपचूप शिरले आणि पाहिले ते छापले. तिथे बोहेमिया-मोराव्हियाकडून पोटासाठी आलेले चेक मजूर राबत होते. एकेका खोलीत कितीतरी कुटुंबे गुरांसारखी झोपत. मजुरी नाण्यांत मिळत नसे, पत्र्याचे बिल्ले मिळत. ते बिल्ले कंपनीच्याच खाणावळीत चालत, आणि तिथला माल बाहेरच्यापेक्षा महाग. ही पद्धत कायद्याने बंद होती, तरी चालू होती. कायदा कागदावर आणि भट्टी मालकाच्या मर्जीवर, हा प्रकार आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

त्याच वर्षाअखेर हाइनफेल्ड गावी परिषद भरली आणि विखुरलेले कामगार गट एका पक्षात आले. त्यात आडलर पुढे होते. त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला. गंमत पाहा, ज्या सरकारने त्यांना कोंडले त्याच्या शिक्क्यावर दोन डोक्यांचा गरुड होता! शिक्क्यावरही गरुड आणि कोठडीतही गरुड. १९०७ साली ऑस्ट्रियात सर्व पुरुषांना मताचा हक्क मिळाला, त्यामागे या पक्षाची वर्षानुवर्षांची चळवळ होती. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी व्हिक्टर आडलर वारले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक जाहीर झाले आणि शिक्क्यावरच्या गरुडाचे राज्य संपले.

दुसरे आल्फ्रेड आडलर, जन्म १८७०. १८९८ साली त्यांनी शिंपीकामातल्या कामगारांच्या आरोग्यावर पुस्तिका लिहिली. वाकून शिवणाऱ्या माणसाच्या छातीचे, डोळ्यांचे काय होते, हे धंद्याच्या परिस्थितीशी जोडून दाखवले. हेच गृहस्थ पुढे मानसशास्त्रज्ञ म्हणून गाजले. आपण सहज म्हणतो, 'त्याला न्यूनगंड आहे'. ही कल्पना जगभर रुजवली ती या आडलरांनी. माणसाला आपण कमी आहोत असे का वाटते, याचा शोध गरुड नावाच्या माणसाने घेतला!

यावरून काय घ्यायचे? नावाने कुणी गरुड होत नाही. दारावरच्या चिन्हावरून किंवा बादशहाच्या हुकमाने मिळालेले नाव या दोघांनी कामाने भरले. परंतु म्हणून नाव क्षुल्लक, असे मात्र समजू नका. युनियनच्या पावतीवर पहिला रकाना नावाचा असतो, तो उगाच नव्हे. ज्याचे नाव दप्तरात नाही, त्याचा पगार, त्याची रजा, त्याचा अपघात, काहीच दप्तरात नाही.

आपल्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात काय म्हणतात? 'एक कोयता'. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. उचल कोयत्याला दिली जाते, तोड कोयत्याच्या नावावर मांडली जाते. व्यवहार बहुधा पुरुषाशी होतो. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारी बाई त्या हिशेबात दिसतच नाही. तिकडे माणसाला पक्ष्याचे नाव मिळाले. इकडे माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव उरले. पक्ष्याचे नाव अंगावर घेऊन मान ताठ ठेवता येते. हत्याराला मान नसते, आणि मजुरी मागायला तोंडही नसते.

म्हणून मंडळी, दसऱ्याच्या सुमारास उचलीचा कागद समोर येईल तेव्हा एवढे करा. अंगठा उठवण्यापूर्वी तो कुणा शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. त्यात दोघांची नावे, आडनावांसकट, लिहायला लावा. उचल किती आणि टनाला दर किती, हे त्या नावांखाली लिहून घ्या. आणि त्या कागदाची एक प्रत आपल्या घरी ठेवा.