खोक्यावरचं वजन आणि हातातलं वजन

टॅब्लेट आणि लॅपटॉप एकाच यंत्रात हवे असतील, तर खोक्यावर छापलेल्या वजनावर विसंबू नये, कारण त्यात कीबोर्ड बहुधा धरलेला नसतो. मायक्रोसॉफ्टचा २०१४चा सरफेस प्रो ३ घ्या. नुसती पाटी ८०० ग्रॅमची. पण वेगळा विकत घ्यावा लागणारा कीबोर्ड लावला की वजन १.१ किलोच्या आसपास जातं. त्या काळच्या ११ इंची मॅकबुक एअरचंही वजन जवळपास तेवढंच होतं. मग वाचवलं काय? टाइप करताना काहीच नाही; उभ्याने वाचताना किंवा पेनाने लिहिताना मात्र बरंच. म्हणजे कीबोर्ड काढून काम करणाऱ्यालाच या हलकेपणाचा खरा उपयोग.

वेगाचं गणित उष्णतेशी बांधलेलं आहे. पातळ कवचातून ती लवकर बाहेर पडत नाही, म्हणून प्रोसेसर तापला की स्वतःच मंदावतो. चार ओळींचं पत्र लिहिताना हे जाणवणारही नाही, तासभर व्हिडिओ संपादन करताना जाणवेल. पंखा बसवला तर जाडी आणि आवाज वाढतो. यावर कोणी म्हणेल, आता कमी वीज खाणारे एआरएम प्रोसेसर आलेत, हा वाद जुना झाला. वेग आणि बॅटरीपुरतं ते खरं आहे. तरीही असाच प्रोसेसर असलेला २०२४चा १३ इंची सरफेस प्रो सुमारे ८९५ ग्रॅमचा आहे, आणि त्यात पंखाही आहे! काच, बॅटरी आणि धातूचं कवच यांचं वजन प्रोसेसर बदलून उतरत नाही. त्यामुळे दुकानात कीबोर्डासकट यंत्र उचलून पाहावं, मग कीबोर्ड काढून दहा मिनिटं एका हातात धरावं.