बौद्ध व ख्रिस्ती नीतिविचार
बौद्ध आणि ख्रिस्ती या दोन धर्मपरंपरांतील सदाचारविषयक शिकवण, तीमधील साम्यस्थळे व त्या शिकवणीमागील तात्त्विक भूमिकांतील भेद यांचा तौलनिक विचार. दोन्ही धर्मांच्या आचारविषयक उपदेशात लक्षणीय जवळीक आढळते. मात्र तो आचार कोणत्या आधारावर उभा आहे, या प्रश्नाची त्यांनी दिलेली उत्तरे भिन्न आहेत. साम्य व भेद या दोहोंची दखल घेतल्याशिवाय त्यांच्यातील समान भूमी निश्चित करता येत नाही.

आचारनियम : बौद्ध उपासकासाठी सांगितलेल्या पंचशीलात प्राणिहत्या, न दिलेली वस्तू घेणे, कामविषयक मिथ्याचार, असत्य भाषण व मादक पदार्थांचे सेवन यांपासून दूर राहण्याचा संकल्प असतो. यहुदी परंपरेतून ख्रिस्ती धर्माने स्वीकारलेल्या दहा आज्ञांपैकी मनुष्यहत्या, व्यभिचार, चोरी व खोटी साक्ष यांचा निषेध करणाऱ्या आज्ञा पहिल्या चार शीलांशी बऱ्याच अंशी जुळतात. तथापि दहा आज्ञांचा प्रारंभ एकेश्वराच्या अनन्य उपासनेने होतो. पंचशीलात ईश्वराचा उल्लेखच नाही. आज्ञा ही ईश्वराने मानवाला दिलेली असते, तर शील हे व्यक्तीने स्वतः स्वीकारलेले शिक्षापद असते. पहिल्या शीलाची व्याप्ती सर्व प्राण्यांपर्यंत पोहोचते. ख्रिस्ती परंपरेत मात्र हत्येचा निषेध प्रामुख्याने मानवापुरता मानला गेला.

हेतूचे महत्त्व : केवळ बाह्य नियमपालनाने नीती पूर्ण होत नाही, याविषयी दोन्ही परंपरांचे एकमत आहे. अंगुत्तरनिकायात बुद्धाने चेतना, म्हणजे कृतीमागील संकल्प, हेच कर्म होय असे प्रतिपादन केले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात येशू ख्रिस्ताने हत्येच्या मुळाशी असलेला क्रोध आणि व्यभिचाराच्या मुळाशी असलेली वासना यांनाही दोषास्पद ठरविले आहे. लोभ, द्वेष व मोह ही बौद्धांनी सांगितलेली तीन अकुशल मुळे आणि अंतःकरणातून निघणारे दुष्ट विचारच मनुष्याला भ्रष्ट करतात ही येशूची शिकवण, या दोहोंचा रोख अंतःशुद्धीकडे आहे.

मैत्री व प्रीती : मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार भावनांना बौद्ध धर्मात ब्रह्मविहार म्हणतात. सुत्तनिपातातील मेत्तसुत्तात मातेला आपल्या एकुलत्या एक पुत्राविषयी वाटणाऱ्या ममतेची उपमा देऊन सर्व प्राणिमात्रांविषयी अमर्याद मैत्रीभाव वाढविण्यास सांगितले आहे. ख्रिस्ती धर्मातही शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करण्याची शिकवण शत्रूवरील प्रीतीपर्यंत नेली आहे. वैराला वैराने उत्तर दिल्यास ते शमत नाही, हा धम्मपदातील विचार आणि येशूचा अप्रतिकाराचा उपदेश हे याच दृष्टीने एकत्र वाचले जातात.

सेवा : विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या व सहकाऱ्यांनी दुर्लक्षिलेल्या एका भिक्षूची कथा येते. बुद्धाने आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः स्नान घातले आणि रुग्णाची शुश्रूषा म्हणजे आपलीच सेवा, असे भिक्षूंना सांगितले. मत्तयाच्या शुभवर्तमानातही भुकेल्यांची, आजाऱ्यांची व बंदिवानांची सेवा ही आपलीच सेवा होय, असे ख्रिस्त म्हणतो. संदर्भ मात्र वेगळे आहेत : पहिल्या कथेत घरदार सोडलेल्या भिक्षूंची परस्परांविषयीची जबाबदारी सांगितली आहे, तर दुसऱ्या ठिकाणी अंतिम न्यायाचे चित्र आहे.

तात्त्विक भेद : ख्रिस्ती मतानुसार नीतीचा उगम सृष्टिकर्त्या ईश्वराच्या इच्छेत आहे, मनुष्य पापी असून त्याचे तारण ईश्वरी कृपेने होते. बौद्ध धर्म सृष्टिकर्ता ईश्वर व नित्य आत्मा मानीत नाही. त्याच्या दृष्टीने दुःखाचे मूळ तृष्णा व अविद्या यांत असून अष्टांगिक मार्गाच्या अनुसरणाने निर्वाण साधते. हा भेद सर्वत्र सारखा तीव्र नाही. जपानमधील शिनरान (1173–1262) याच्या संप्रदायात स्वतःच्या सामर्थ्यापेक्षा अमिताभ बुद्धाच्या करुणेवरील श्रद्धेला प्राधान्य आहे व तो विचार ख्रिस्ती कृपासिद्धांताच्या जवळ जातो. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये बुद्धाच्या धर्माच्या भवितव्याविषयी लिहिलेल्या लेखात या भेदावरच भर दिला आहे. येशूने स्वतःला ईश्वराचा पुत्र म्हटले. बुद्धाने मात्र केवळ मार्गदर्शकाची भूमिका घेतली आणि त्याच्या धर्मात ईश्वराचे स्थान नीतीला लाभले, असे त्यांचे विवेचन आहे.

ऐतिहासिक संबंध : येशूच्या शिकवणीवर बौद्ध धर्माचा प्रत्यक्ष प्रभाव पडल्याचा निर्णायक पुरावा नाही. नंतरच्या काळात मात्र बुद्धचरित्र मध्य आशिया व अरबी भाषेच्या मार्गाने पश्चिमेकडे गेले आणि बार्लाम व जोसाफट यांची कथा म्हणून ख्रिस्ती जगात रूढ झाले. जोसाफट हे नाव बोधिसत्त्व या शब्दापासून आलेले असून मध्ययुगीन यूरोपने त्याला संत मानले होते. वसाहतकाळात हे संबंध संघर्षाचे झाले. श्रीलंकेत पानदुरा येथे 1873 मध्ये बौद्ध भिक्षू गुणानंद आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक डेव्हिड डी सिल्व्हा यांच्यात जाहीर वादविवाद झाला. रोमन कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1965 मधील घोषणापत्रात बौद्ध धर्माचा आदरपूर्वक उल्लेख केला आणि संवादाला अधिकृत मान्यता मिळाली. ट्रॅपिस्ट भिक्षू टॉमस मर्टन (1915–68) याने 1968 मध्ये धरमशाला येथे दलाई लामा यांची भेट घेतली, ती याच काळातील होय.

व्हिएटनाममधील कसोटी : समान नीतितत्त्वे असूनही अनुयायांत संघर्ष होऊ शकतो, हे दक्षिण व्हिएटनाममध्ये दिसून आले. राष्ट्राध्यक्ष न्गो डिन्ह डिएम हा कॅथलिक होता. मे 1963 मध्ये ह्यूए शहरात बौद्ध ध्वज फडकविण्यावर बंदी आल्याने निदर्शने झाली व त्यांत माणसे मारली गेली. 11 जून 1963 रोजी थिक क्वांग डुक या वृद्ध भिक्षूने सायगाव येथे भर रस्त्यात आत्मदहन केले. आत्महत्येला पाप मानणाऱ्या अनेक ख्रिस्ती लोकांना या कृतीचा अर्थ लागेना. थिक न्हात हान (1926–2022) या भिक्षूने 1965 मध्ये अमेरिकेतील बॅप्टिस्ट धर्मोपदेशक मार्टिन लूथर किंग (1929–68) यांना पत्र लिहून ती कृती निराशेतून नव्हे, तर जगाची सदसद्विवेकबुद्धी जागी करण्यासाठी होती, असे स्पष्ट केले. भिक्षूंचे शत्रू माणसे नसून असहिष्णुता व द्वेष हे आहेत, अशी त्याची भूमिका होती. दोघांची 1966 मध्ये शिकागो येथे भेट झाली. पुढील वर्षी किंग यांनी न्यूयॉर्क येथील भाषणात युद्धाला उघड विरोध केला व शांतता पारितोषिकासाठी न्हात हानचे नाव सुचविले. या सहकार्यासाठी ईश्वर वा आत्मा यांविषयी त्यांचे एकमत होण्याची गरज भासली नाही.

समारोप : दोन्ही धर्मांची सर्व तत्त्वे अखेर एकच आहेत, असे म्हणणे दोहोंवरही अन्याय करणारे ठरते. ईश्वराची कृपा हे ख्रिस्ती नीतीचे आणि अनात्मवाद हे बौद्ध नीतीचे अंगभूत तत्त्व आहे. ते वगळल्यास उरणारी नीती त्या त्या परंपरेची राहत नाही. त्यांची समान भूमी सिद्धांतापेक्षा आचारात, विशेषतः दुःखिताकडे पाहण्याच्या दृष्टीत व शत्रूविषयीच्या वर्तनात आढळते. त्या भूमीवर उभे राहण्यासाठी मतभेद लपविण्याची गरज नसते. मात्र प्रत्येकाने आपल्याच शिकवणीचे आचरण करणे आवश्यक असते.