कोपीतला दिवा

दसरा सरला, की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या घर सोडतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जाते, कोणी पुण्याकडे, तर कोणी कर्नाटकात. पुढे पाच-सहा महिने फडाजवळची कोपी हेच त्यांचे घर. तिथे वीज कुठली? पहाटे अंधारातच उठायचे, अंधारातच भाकऱ्या थापायच्या. पायाखाली पाचट आहे की साप, हे दिसत नाही. चिमणी पेटवावी, तर पाचटाच्या कोपीला आगीचे भय.

म्हणून काहीजण आता सामानाबरोबर सौर प्लेट नेतात. परदेशात काही लोक मोटारीतच घर थाटून फिरतात. त्यांच्या गाडीच्या टपावरही अशीच प्लेट असते. मोटार असो की कोपी, वायर जोडण्याची रीत एकच. ही रीत प्रत्येकाने शिकून घ्यावी. कारण जोडणी चुकली तर दिवा जातोच, पण कोपीही जाते.

चार वस्तू

प्लेट, कंट्रोलर, बॅटरी आणि दिवा, अशा चार वस्तू लागतात.

हे पाण्याच्या उदाहरणाने समजून घेऊ. प्लेट म्हणजे विहिरीवरचा पंप. बॅटरी म्हणजे हौद. दिवसा हौद भरायचा, रात्री वापरायचा. आणि कंट्रोलर म्हणजे पाटकरी. हौद भरला की तो पाणी बंद करतो.

कोणी विचारील, "पाटकरी हवा कशाला? प्लेट थेट बॅटरीला जोडली तर?"

तसे करू नये. १२ व्होल्टची म्हणून विकली जाणारी प्लेट उन्हात २० व्होल्टच्याही वर जाते. बॅटरीला भरताना साधारण १४ व्होल्ट पुरतात. त्याहून जास्त जोर लागत राहिला, तर बॅटरी तापते आणि लवकर मरते. शिवाय रात्री बॅटरीतली वीज उलटी प्लेटकडे जाऊ पाहते. कंट्रोलर तीही अडवतो.

दिवा १२ व्होल्टचाच घ्यावा. घरातला २३० व्होल्टचा दिवा इथे लागत नाही.

किती वीज मिळेल?

हिशेब सोपा आहे. ५० वॅटची प्लेट घ्या. हिवाळ्यात दिवसाकाठी चार तासांचे भरपूर ऊन धरा. ५० गुणिले ४ म्हणजे २०० वॅट-तास. धूळ, उष्णता आणि वायर यांत काही वीज जाते. हाती दीडशेच्या आसपास उरते.

आता खर्च पाहू. ५ वॅटचे दोन दिवे पाच तास जळले, तर ५० वॅट-तास. तीन मोबाईल भरले, प्रत्येकी १५ धरा, म्हणजे ४५. एकूण ९५. म्हणजे भागले!

बॅटरी २० अँपिअर-तासांची असली, तर २० गुणिले १२ म्हणजे २४० वॅट-तास. पण शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये. म्हणून १२० वापरायचे. आभाळ आले, की मोबाईल कमी भरा, दिवा राखा. आधी पोटाला, मग थाटाला.

जोडायची रीत

लाल वायर म्हणजे अधिक, काळी म्हणजे उणे. अधिकला अधिक, उण्याला उणे. जोडण्याआधी हातातले कडे, अंगठी काढून ठेवा. धातू बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकला, तर हात भाजतो. प्लेट उन्हात असली की वीज देतच राहते. म्हणून काम करताना तिच्यावर गोधडी टाका.

आधी बॅटरी कंट्रोलरला जोडा. मग प्लेट जोडा. शेवटी दिवा. सोडवताना उलटे. आधी दिवा, मग प्लेट, बॅटरी शेवटी.

बॅटरीकडच्या आणि प्लेटकडच्या वायरी अडीच चौरस मिलिमीटरच्या घ्या. दिव्याकडची दीडपेक्षा बारीक नको. वायर जेवढी लांब आणि बारीक, तेवढी वीज वाटेतच मुरते.

फ्यूज विसरू नका

१२ व्होल्टचा सहसा झटका बसत नाही. म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण झटका नसला तरी आग आहे! वायरीचे आवरण उंदराने कुरतडले आणि लाल-काळी तार एकमेकींना भिडली, तर बॅटरी आपली सारी वीज एकदम सोडते. वायर क्षणात लाल होते. खाली पाचट असेल तर पुढे काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून लाल वायरीवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, १० अँपिअरचा फ्यूज बसवा. वायर भिडली की फ्यूज जळतो आणि वीज तुटते. पाच-दहा रुपयांचा फ्यूज जातो, पण लेकरेबाळे वाचतात. फ्यूज लांब बसवला, तर बॅटरी आणि फ्यूज यांमधली वायर उघडीच राहते. जळलेल्या फ्यूजच्या जागी साधी तार किंवा चांदी कधी घालू नका. फ्यूज का जळला, ते आधी शोधा.

ठेवायचे कुठे?

प्लेट कोपीवर नको. शेजारी दोन मेढी रोवून त्यांवर बांधा. तोंड दक्षिणेला आणि जरा उभे ठेवा, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. झाडाची सावली कोपऱ्यावर पडली तरी साऱ्या प्लेटची वीज घटते. रोज सकाळी ओल्या फडक्याने धूळ पुसा.

शिशाची बॅटरी भरताना पेट घेणारा वायू निघतो. ती चुलीपासून दूर, वारा लागेल अशा जागी ठेवा. लेकरांचा हात पोचू देऊ नका. आत तेजाब असते. प्रवासात ती उभीच बांधा. प्लेट गोधड्यांच्या मधोमध ठेवा.

लक्षात ठेवा

१. कंट्रोलरशिवाय प्लेट बॅटरीला जोडू नये.
२. जोडताना बॅटरी आधी, सोडवताना बॅटरी शेवटी.
३. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

हिशेब करा

५ वॅटचे तीन दिवे चार तास जळले आणि दोन मोबाईल भरले. किती वॅट-तास लागले? वरच्या बॅटरीत ते भागतील का?