हळद, पालक आणि लाल उजेड

येऊरच्या पायवाटेला लागलं की दोन्ही बाजूंना घाणेरी. मलंगगडाच्या उतारावरही तीच. गुलाबी-पिवळ्या झुपक्यांचे फोटो काढणाऱ्यांना ती आवडते, गुरं राखणाऱ्याला नाही. चारा आटला की जनावर तिला तोंड लावतं आणि मग उन्हात उभं राहिलं की नाकपुड्यांभोवतीची, कानांवरची, अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांची कातडी लाल होऊन सोलवटते. सावलीत बांधलं तर त्रास आटोक्यात राहतो. पशुवैद्यांना यामागचं कारण पाठ आहे. घाणेरीच्या विषाने यकृत बिघडतं. चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात फायलोएरिथ्रिन नावाचं द्रव्य तयार होतं. एरवी ते पित्तावाटे निघून जातं, यकृत बिघडल्यावर मात्र रक्तात साचतं आणि कातडीपर्यंत पोहोचतं. त्यावर ऊन पडलं की आजूबाजूच्या प्राणवायूला ते असं काही चेतवतं की पेशी जळून मरतात. ते द्रव्य अंधारात गप्प असतं आणि ऊन एकटं तेवढं मारक नसतं.

काही कर्करोगांवर वापरतात त्या फोटोडायनॅमिक थेरपीचं, म्हणजे पीडीटीचं, सगळं तंत्र एवढंच आहे. फरक इतकाच, की उजेड कुठे पाडायचा ते डॉक्टर ठरवतो.

इतिहास जर्मनीतून सुरू होतो. १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब हा विद्यार्थी अॅक्रिडीन या रंगाचा पॅरामेशियमवरचा परिणाम पाहत होता. अंधारात ते जीव टिकत, उजेडात मरत. मग मेयर-बेट्झ या डॉक्टरने १९१२ मध्ये रक्तापासून काढलेलं हिमॅटोपॉर्फिरिन स्वतःलाच टोचून घेतलं. उन्हात गेल्यावर त्याचं तोंड ओळखू येणार नाही इतकं सुजलं. कर्करोगावर हे नीट वापरण्याचं श्रेय अमेरिकेतल्या बफेलोच्या थॉमस डॉघर्टी यांच्या सत्तरच्या दशकातल्या कामाला जातं. त्यातून फोटोफ्रिन आलं. त्याला १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कर्करोगासाठी आणि १९९८ मध्ये अमेरिकेत श्वासनलिकेतल्या अगदी सुरुवातीच्या फुफ्फुस-कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

‘आमच्याकडे हे आधीच होतं’ म्हणणारे इथे बावचीचं नाव घेतात. ते अगदीच चुकीचं नाही. कोडावर बावची लावून उन्हात बसायचा उपचार जुना आहे आणि तिच्यातलं सोरालेन आजच्या त्वचारोगतज्ज्ञांनाही चालतं. पण सोरालेन अतिनील किरणांवर चालतं आणि थेट डीएनएला चिकटतं. शिवाय ते काम कातडीवरचं. आपला विषय फुफ्फुसाचा; ते छातीच्या पिंजऱ्यात आहे, तिथे ऊन पोहोचत नाही.

वनस्पतींनी पीडीटीला खरोखर काही दिलं असेल तर ते हरितद्रव्य. त्यापासून क्लोरिन गटातली द्रव्यं मिळतात. त्यांतलंच टॅलापॉर्फिन जपानने २००३ मध्ये सुरुवातीच्या फुफ्फुस-कर्करोगासाठी मान्य केलं. ते ६६४ नॅनोमीटरच्या लाल लेझरने चेतवतात आणि फोटोफ्रिनपेक्षा ते शरीरातून लवकर निघून जातं. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी क्लोरिन पी-६ मिळवलं ते चक्क पालकाच्या पानांतून, आणि हॅमस्टरच्या गालातल्या गाठींवर तपासलं. भाजीतलं द्रव्य इथवर येतं, पण ते भाजी म्हणून येत नाही. वेगळं काढून, शुद्ध करून, रासायनिक बदल करून, मोजून येतं. टॅलापॉर्फिनला तर अॅस्पार्टिक आम्लाची जोड द्यावी लागली.

अर्कांची गोष्ट याहून कच्ची आहे. जोहान्सबर्ग विद्यापीठाच्या लेझर संशोधन केंद्रात सूर्यफुलाच्या कुळातल्या डायकोमा अनोमाला या आफ्रिकी औषधी वनस्पतीवर काम झालं आहे. इतरत्र हळदीतलं कर्क्युमिन, कोरफडीतलं अॅलो-इमोडिन, दारुहळदीतलं बर्बेरिन, हायपेरिकमच्या फुलांतलं हायपेरिसिन ही नावं पुन्हापुन्हा येतात. बहुतेक प्रयोग ए-५४९ या फुफ्फुस-कर्करोगाच्या पेशींवरचे. या पेशी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका ५८ वर्षांच्या माणसाच्या गाठीतून वेगळ्या केल्या गेल्या आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्या प्लास्टिकच्या बशीत एका थरात पसरलेल्या असतात. ना रक्त, ना कफ, ना श्वासाची हालचाल. बशीत निळा दिवा लावला की कर्क्युमिन छान काम करतं. मोबाइलचा टॉर्च बोटामागे धरून पाहा, बोट लालच दिसतं. पांढऱ्या उजेडातला निळा-हिरवा भाग रक्त गिळून टाकतं. कर्क्युमिनला नेमका निळाच लागतो आणि तो मांसात मिलिमीटरभरही धड शिरत नाही. लाल उजेड फार तर सेंटिमीटरपर्यंत जातो. त्यात हळद पोटातून घेतली तर रक्तात जेमतेम उतरते. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावरचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये सीएसआयआरने रद्द करून घेतलं, तेव्हा संस्थेचे महासंचालक माशेलकर यांचं कौतुक घरोघर झालं आणि ते रास्तच होतं. पण ती लढाई मालकीची होती. हळदीने कर्करोग बरा होतो असं त्यात कोणी सिद्ध केलं नव्हतं.

प्रत्यक्ष उपचार कसा होतो? शिरेतून औषध देतात. फोटोफ्रिन असेल तर सुमारे दोन दिवस थांबतात, कारण निरोगी पेशी ते सोडत जातात आणि गाठ धरून ठेवते. मग ब्राँकोस्कोपमधून केसासारखी काचेची तार श्वासनलिकेत नेऊन लाल लेझर सोडतात. दोन-तीन दिवसांनी पुन्हा दुर्बीण घालून मेलेलं मांस काढावं लागतं, नाहीतर तेच श्वास अडवतं. पुढे निदान महिनाभर उन्हापासून जपायचं. सनस्क्रीन उपयोगाचं नाही, कारण धोका दिसणाऱ्या उजेडाचाही आहे. तरीही अंधारात बसून राहू नये असं सांगतात. घरातल्या सौम्य उजेडात कातडीतलं औषध हळूहळू विरतं. सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहणाऱ्याने हा महिना कसा काढायचा, याचा विचार औषध बनवणाऱ्यांनी केलेला नसतो.

खरी अडचण वेगळीच आहे. हा उपचार शोभतो तो मोठ्या श्वासनलिकेच्या अस्तरावरच्या, सेंटिमीटरभराच्या, एक्स-रेवर न दिसणाऱ्या गाठीला. अशा गाठी मुख्यतः जुन्या विडी-सिगारेटवाल्यांत सापडतात. आता मात्र फुफ्फुसाच्या कडेला, दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर वाढणारा अॅडिनोकार्सिनोमा जास्त दिसतो. आपल्याकडे तो कधीही न ओढणाऱ्या बायकांतही बराच आढळतो. शिवाय निदान उशिरा होतं. खोकला, वजन घटणं, एक्स-रेवर डाग एवढ्यावरून आधी क्षयाची औषधं सुरू होतात आणि महिने निघून जातात. ठाण्या-कल्याणचा माणूस परळच्या टाटा रुग्णालयाची किंवा ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने टाटाच्याच खारघरमधल्या अॅक्ट्रेक केंद्राची वाट धरतो तेव्हा बहुतेकदा रोग छातीबाहेर गेलेला असतो. तिथे पीडीटीचा उपयोग उरतो तो बंद होत चाललेली श्वासनलिका मोकळी करण्यापुरता. तेही मोठं काम आहे, पण जाहिरातीत सांगतात ते नव्हे. कडेच्या गाठीपर्यंत बारीक तार नेण्याचे प्रयत्न परदेशांत चालू आहेत. माझ्या मते पुढची वाट तिकडे आहे, नव्या अर्कांच्या यादीत नाही.

दरम्यान वनौषधींच्या कॅप्सूल विकणारे थांबत नाहीत. हायपेरिकम घेतलं तर इरिनोटेकानसारख्या केमोच्या औषधाच्या सक्रिय रूपाचं रक्तातलं प्रमाण घटतं, हे नोंदलेलं आहे. इरिनोटेकानचं मूळ द्रव्य कॅम्पटोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे, म्हणजे एक झाड दुसऱ्या झाडाचं काम बिघडवतं. ‘आयुर्वेदिक आहे, चालेल’ असं म्हणत डॉक्टरांपासून काढा लपवणाऱ्या नातेवाइकांना हे सांगायला हवं.

कल्याणच्या बिर्ला किंवा ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र, जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांना या विषयात करण्यासारखं पुष्कळ आहे. अर्क कोणत्या रंगाचा उजेड शोषतो, पावसाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या पानांत किती फरक पडतो, उजेड न दाखवताही तो पेशी मारतो का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अंधारातही पेशी मरत असतील तर तो नुसता विषारी अर्क, त्यात प्रकाशोपचार कुठला? अशी अंधारातली तुलना नसलेले निबंध मी या आढाव्यात धरलेलेच नाहीत.