विश्लेषण : खेळ कॅनडाचा, संघ मात्र अमेरिकेचे! ‘एनएचएल’मध्ये हॉकीचे संघ कोणत्या शहरांना मिळतात?

कॅनडाच्या क्युबेक सिटीमध्ये 18 हजार आसनांचे अद्ययावत हॉकी अरीना 2015 पासून उभे आहे. शहर हॉकीवेडे आहे, हिवाळा कडाक्याचा आहे, पण संघ नाही. दुसरीकडे, वाळवंटातल्या लास वेगासला 2017 मध्ये संघ मिळाला आणि सहाच वर्षांत तो विजेताही ठरला. नॅशनल हॉकी लीग अर्थात ‘एनएचएल’ ही जगातील सर्वांत मोठी आइस हॉकी लीग. तिच्या 32 संघांपैकी 25 अमेरिकेत आहेत आणि केवळ सात कॅनडात. बर्फावरच्या या खेळाचे संघ नेमके कोणत्या शहरांत असावेत, हा वाद तिथे तीन दशकांपासून सुरू आहे. हा वाद केवळ भावनेचा नाही. त्यात चलनाचा दर, करदात्यांचा पैसा आणि संघमालकांची गणितेही गुंतली आहेत.

लीग मूळची कुणाची?

‘एनएचएल’ची स्थापना नोव्हेंबर 1917 मध्ये मॉन्ट्रियल येथे झाली. सुरुवातीचे सर्व संघ कॅनडाचे होते. 1924 मध्ये बोस्टन ब्रुइन्सच्या रूपाने पहिला अमेरिकी संघ लीगमध्ये आला. 1942 ते 1967 या काळात केवळ सहा संघ उरले होते. त्यातही मॉन्ट्रियल आणि टोरांटो हे दोनच कॅनेडियन होते. 1967 मध्ये लीगने एकदम सहा नवे संघ घेतले, पण ते सर्व अमेरिकी शहरांना मिळाले. व्हँकुव्हरला तीन वर्षे थांबावे लागले. कारण टीव्ही. अमेरिकेत देशव्यापी प्रक्षेपणाचा मोठा करार मिळवायचा, तर संघ त्या देशभर पसरलेले हवेत, असा हिशेब होता. 1979 मध्ये प्रतिस्पर्धी लीग बंद पडली आणि तिचे एडमंटन, विनिपेग, क्युबेक आणि हार्टफर्ड हे संघ ‘एनएचएल’मध्ये सामील झाले. पुढच्याच वर्षी अटलांटाचा संघ कॅलगरीला आला. त्यामुळे ऐंशीच्या दशकात कॅनडाचे पारडे काहीसे सावरले.

नव्वदच्या दशकात काय बिनसले?

9 ऑगस्ट 1988 रोजी एडमंटनने वेन ग्रेट्झ्की हा आपला सर्वांत मोठा खेळाडू लॉस एंजेलिसला देऊन टाकला. कॅनडात तो राष्ट्रीय धक्का मानला गेला. पण त्यातून उष्ण हवेच्या शहरातही हॉकी विकली जाऊ शकते, हे मालकांच्या लक्षात आले. बास्केटबॉलच्या ‘एनबीए’मध्ये काम केलेले गॅरी बेटमन फेब्रुवारी 1993 मध्ये लीगचे आयुक्त झाले आणि दक्षिणेकडचा विस्तार वेगाने सुरू झाला.

त्याच सुमारास कॅनेडियन डॉलर घसरत होता. कॅनडातील संघांना तिकिटे आणि जाहिरातींतून मिळणारे पैसे कॅनेडियन डॉलरमध्ये असत, पण खेळाडूंचे वेतन द्यावे लागे अमेरिकी डॉलरमध्ये. 2002 च्या सुरुवातीला एक कॅनेडियन डॉलर सुमारे 62 अमेरिकी सेंटपर्यंत घसरला. म्हणजे अरीना भरलेले असूनही ताळेबंद तोट्याचा. छोट्या शहरांना हे झेपले नाही. 1995 मध्ये क्युबेकचा संघ डेन्व्हरला गेला आणि पहिल्याच हंगामात, ‘कोलोरॅडो अव्हालांच’ या नव्या नावाने, स्टॅन्ले चषक जिंकला. क्युबेकवासीयांच्या मनात तो सल आजही आहे. 1996 मध्ये विनिपेगचा संघ अॅरिझोनातील फिनिक्सला गेला.

जानेवारी 2000 मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने उरलेल्या संघांना आर्थिक मदत जाहीर केली. रुग्णालयांना पैसा नाही आणि कोट्यधीश खेळाडूंच्या संघांना मदत कशी, असा संताप उसळला. तीनच दिवसांत ती योजना गुंडाळावी लागली. खेळावर जीव असला, तरी कररूपी पैसा कुठवर द्यायचा याची सीमा कॅनडाच्या जनतेने तेव्हा आखून दिली.

अॅरिझोनाचा प्रयोग का फसला?

विनिपेगहून फिनिक्सला गेलेला ‘कोयोटीज’ हा संघ या वादातले सर्वाधिक उगाळले गेलेले उदाहरण. नवे अरीना ग्लेनडेल या उपनगरात बांधले गेले, तर बराचसा चाहतावर्ग शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा. मे 2009 मध्ये संघाने दिवाळखोरी जाहीर केली. ‘ब्लॅकबेरी’ फोन बनवणाऱ्या कंपनीचे तत्कालीन सह-मुख्याधिकारी जिम बाल्सिली यांनी 21 कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊ केली. अट एकच होती, संघ कॅनडातील हॅमिल्टनला न्यायचा. लीगने कडाडून विरोध केला. न्यायालयाने बाल्सिली यांची बोली फेटाळली आणि अखेर लीगनेच 14 कोटी डॉलरना संघ विकत घेतला. तो टिकावा म्हणून ग्लेनडेल शहराने दोन हंगाम दरवर्षी अडीच कोटी डॉलर मोजले.

तरीही गाडे रुळावर आले नाही. 2022 पासून दोन हंगाम हा संघ एका विद्यापीठाच्या जेमतेम पाच हजार क्षमतेच्या अरीनात खेळला. मे 2023 मध्ये टेम्पी शहराच्या मतदारांनी नव्या अरीनाचा प्रस्ताव मतदानातून नाकारला. एप्रिल 2024 मध्ये सुमारे 120 कोटी डॉलरच्या व्यवहारात संघ यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीला गेला. म्हणजे तेव्हाही कॅनडाला नव्हे, तर दुसऱ्या अमेरिकी शहरालाच.

मग वाळवंटात हॉकी रुजतच नाही का?

असे म्हणणे धाडसाचे ठरेल. टोरांटो मेपल लीफ्सचा कर्णधार ऑस्टन मॅथ्यूज हा अॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलमध्ये वाढला. घराजवळ ‘कोयोटीज’चे सामने पाहत तो हॉकीकडे वळला आणि 2016 मध्ये नवोदितांच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. संघ आर्थिकदृष्ट्या फसला, पण खेळाडू घडवून गेला.

फ्लोरिडाचे उदाहरण तर आणखी ठळक आहे. टॅम्पा बेने 2020 आणि 2021 मध्ये, फ्लोरिडा पँथर्सने 2024 आणि 2025 मध्ये चषक जिंकला. अटलांटा मात्र दोनदा नापास झाले. 1980 मध्ये तिथला संघ कॅलगरीला गेला, तर 2011 मध्ये दुसरा संघ विनिपेगला. यावरून एक गोष्ट दिसते. हवामानापेक्षा मालकाचा खिसा, अरीनाची जागा आणि संघाची कामगिरी यांवर यशापयश अधिक अवलंबून असते.

कॅनडाचे शहर म्हणजे यशाची हमी?

तसेही नाही. 2011 मध्ये विनिपेगला संघ परत मिळाला, तेव्हा 13 हजार हंगामी तिकिटे काही दिवसांत संपली. अवघे शहर रस्त्यावर उतरले होते. पण विनिपेगचे अरीना लीगमधील सर्वांत छोट्यांपैकी एक, सुमारे 15 हजार आसनांचे. शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या घरात आणि मोठ्या कंपन्यांची मुख्यालये मोजकी. करोनानंतर हंगामी तिकिटधारकांची संख्या साडेनऊ हजारांच्या आसपास घसरली आणि संघ पुन्हा जाणार की काय, अशी धास्ती निर्माण झाली. लीगचे आयुक्त बेटमन यांना स्वतः विनिपेगला जाऊन धीर द्यावा लागला. प्रेम पुरेसे होते, पण संपूर्ण हंगामाची तिकिटे विकत घ्यायला घरटी बजेटही लागते, हे त्यातून पुढे आले.

संघ कुठे द्यायचा हे ठरवते कोण?

‘आयपीएल’प्रमाणेच ‘एनएचएल’ही फ्रँचायझी पद्धतीने चालते. खालच्या श्रेणीतून जिंकत वर येण्याची सोय नाही. नवा संघ द्यायचा की नाही, हे विद्यमान संघांचे मालक ठरवतात. नव्या संघाचे प्रवेशशुल्कही याच मालकांमध्ये वाटले जाते. लास वेगासने 50 कोटी, तर सिअॅटलने 65 कोटी अमेरिकी डॉलर मोजले. खेळाडूंना लीगच्या उत्पन्नात निम्मा वाटा असला, तरी या शुल्कात त्यांचा हिस्सा नसतो. त्यामुळे विस्तार हा मालकांसाठी थेट कमाईचा मार्ग ठरतो.

2015 मध्ये लास वेगास आणि क्युबेक या दोन्ही शहरांतून अर्ज आले होते. जून 2016 मध्ये वेगासला होकार मिळाला आणि क्युबेकचा अर्ज बाजूला ठेवला गेला. यामागचे व्यावसायिक तर्कशास्त्र साधे आहे. क्युबेकमधला माणूस संघ नसतानाही हॉकी पाहतोच. तिथे संघ दिल्याने नवा प्रेक्षक फारसा मिळत नाही. वेगास, ह्यूस्टन किंवा अटलांटात मात्र नवा बाजार उघडतो. हॅमिल्टनची अडचण आणखी वेगळी. ते टोरांटो आणि अमेरिकेतील बफेलो यांच्या मधोमध आहे. तिथे संघ आला, तर या दोन्ही संघांचा धंदा बुडतो.

मग कॅनडाच्या निष्ठेची किंमत कमी?

हाच या वादाचा सर्वांत टोकदार मुद्दा आहे. एप्रिल 2025 मध्ये ‘रॉजर्स’ या कंपनीने कॅनडातील प्रक्षेपण हक्कांसाठी 12 वर्षांचा 1100 कोटी कॅनेडियन डॉलरचा करार जाहीर केला. वर्षाला साधारण 90 कोटी. अमेरिकेतील राष्ट्रीय प्रक्षेपणाच्या 2021 पासूनच्या करारांची रक्कम वर्षाला सुमारे 62 कोटी अमेरिकी डॉलर सांगितली जाते. चलनाचा फरक धरला, तर दोन्ही आकडे जवळपास सारखेच होतात. कॅनडाची लोकसंख्या चार कोटींच्या थोडी पुढे, अमेरिकेची सुमारे 34 कोटी. म्हणजे सात संघांचा छोटा देश 25 संघांच्या मोठ्या देशाइतकाच पैसा टीव्हीतून आणतो. ‘निष्ठावंतांकडून वसुली करायची आणि नव्या संघांचा मान मात्र परक्या शहरांना द्यायचा,’ ही कॅनेडियन चाहत्यांची तक्रार यामुळे निराधार वाटत नाही.

कॅनडाचा संघ 1993 पासून का जिंकला नाही?

मॉन्ट्रियलने 1993 मध्ये चषक जिंकला, त्यानंतर 2025 पर्यंत कॅनडाच्या एकाही संघाला तो मिळालेला नाही. या काळात कॅनेडियन संघ आठदा अंतिम फेरीत पोहोचले आणि आठही वेळा हरले. त्यातले पाच पराभव (1994, 2004, 2006, 2011 आणि 2024) निर्णायक सातव्या सामन्यातले आहेत. त्यामुळे थोडे नशीबही आड आले, हे खरेच.

पण करांचा मुद्दाही मांडला जातो. फ्लोरिडा, टेक्सास, नेव्हाडा या राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही. ओंटारियो किंवा क्युबेकमध्ये मात्र सर्वोच्च टप्प्यावर निम्म्याहून अधिक रक्कम करात जाते. 2005 पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आहे. 2025-26 च्या हंगामासाठी ती 9.55 कोटी डॉलर आहे. मर्यादा सर्वांना सारखी असल्याने, तेवढ्याच वेतनात फ्लोरिडातल्या खेळाडूच्या हातात जास्त पैसे उरतात. अर्थात, जिंकणाऱ्या अमेरिकी संघांत कॅनेडियन खेळाडू असतातच. पिट्सबर्गला तीनदा चषक जिंकून देणारा कर्णधार सिडनी क्रॉस्बी नोव्हा स्कोशियाचा, आणि त्या प्रांतात ‘एनएचएल’चा एकही संघ नाही.

जनतेच्या पैशाचे काय?

संघ मिळवण्याच्या स्पर्धेत शेवटी भुर्दंड शहरांना पडतो. क्युबेकचे अरीना सुमारे 37 कोटी कॅनेडियन डॉलरना उभे राहिले, तेही मुख्यतः शहर आणि प्रांताच्या पैशातून. 2023 मध्ये तर प्रांतिक सरकारने लॉस एंजेलिसच्या संघाचे दोन सराव सामने क्युबेकमध्ये व्हावेत म्हणून 50 ते 70 लाख डॉलर देऊ केले आणि टीकेचा भडिमार ओढवून घेतला. कॅलगरीतील नव्या अरीनासाठीही महापालिका 50 कोटींहून अधिक डॉलर देत आहे. सॉल्ट लेक सिटीने आपल्या अरीना परिसरासाठी विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवला. ‘संघ हलवू’ ही धमकी दोन्ही देशांत सारखीच चालते. रिकामी शहरे रांगेत उभी आहेत, तोवर मालकांची बाजू वरचढ राहते.

पुढे काय?

फेब्रुवारी 2025 मध्ये ‘फोर नेशन्स’ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कॅनडाने बोस्टनमध्ये अमेरिकेला 3-2 असे हरवले. डोनाल्ड ट्रम्प यांची ‘51 वे राज्य’ ही भाषा ताजी असल्याने त्या विजयाला राजकीय रंग चढला होता. कॅनडातील अरीनांत अमेरिकी राष्ट्रगीताच्या वेळी हुर्यो उडवली गेली होती. हॉकी कॅनडासाठी खेळापलीकडची गोष्ट आहे, हे तेव्हा पुन्हा दिसले.

पण लीगचे निर्णय या भावनेवर होत नाहीत. पुढच्या विस्ताराच्या चर्चेत अटलांटा आणि ह्यूस्टन ही नावे पुढे आहेत. एकदा-दोनदा फसलेल्या अमेरिकी शहराला पुन्हा संधी मिळू शकते, क्युबेकला मात्र नाही, ही विसंगती चाहत्यांना खुपते. क्युबेकपुढे दोनच वाटा उरतात. एखादा डबघाईला आलेला संघ विकत घेणे, किंवा मालकांना नाही म्हणता येणार नाही इतके शुल्क देणे. कॅनेडियन डॉलर कमजोर असताना दोन्ही अवघड आहेत. तोवर क्युबेकच्या त्या अरीनात कनिष्ठ गटाचे सामने होत राहतील, आणि ते पाहायला प्रेक्षक येतच राहतील.