अँटिव्हायरसमध्ये जितक्या सोयी, तितक्या फटी

‘अँटिव्हायरस टाकलाय, आता काय व्हायचंय?’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ज्यात सोयी जास्त तोच अँटिव्हायरस चांगला, असंही आपण धरून चालतो. वस्तुस्थिती वेगळी आहे.

अँटिव्हायरस हाही एक प्रोग्रामच. फाइल घातक आहे का, हे ठरवायला त्याला आधी ती वाचावी लागते, मग ती झिप असो, पीडीएफ असो की आणखी काही. प्रत्येक प्रकारासाठी वेगळा कोड लागतो; कोड वाढला की चुकाही वाढतात. शिवाय हे काम तो बहुधा संगणकातले सर्वोच्च अधिकार हाताशी घेऊन करतो.

‘मी फाइल उघडलीच नाही, मग मला काय धोका?’ हा समज सर्वांत घातक. मे 2017 मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटातील टॅव्हिस ऑर्मंडी आणि नॅटली सिल्व्हानोविच यांना विंडोजसोबतच येणाऱ्या विंडोज डिफेंडर या अँटिव्हायरसच्या इंजिनात एक दोष सापडला. संशयास्पद जावास्क्रिप्ट नेमकं काय करते, हे तपासणारा एक भाग त्या इंजिनात होता. त्यालाच गंडवणारी फाइल ईमेलने आली, की आपण हात लावण्याआधीच डिफेंडर ती तपासायला घेई, आणि तेवढ्यावर संगणकाचा ताबा हल्लेखोराकडे जाऊ शके. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच दुरुस्ती दिली, हे कौतुकास्पदच. पण हे इंजिन बाकीच्या संगणकापासून वेगळं, बंदिस्त चालवण्याची सोय यायला 2018 उजाडलं.

पैसे मोजून घेतलेला अँटिव्हायरसही याला अपवाद नाही. सिमँटेक कंपनीच्या उत्पादनांत आवळून बांधलेले (पॅक केलेले) प्रोग्राम सोडवण्याचं काम थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, चाले. त्यातले गंभीर दोष 2016 मध्ये उघड झाले. अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने मार्च 2020 मध्ये दोष सापडल्यावर आपला जावास्क्रिप्ट तपासणारा भाग चक्क बंद केला, आणि त्यामुळे उत्पादनाच्या कामावर परिणाम होणार नाही, असंही सांगितलं. मग इतका जोखमीचा भाग मुळात ठेवला कशाला, हा प्रश्न ग्राहकांनी विचारायलाच हवा.

म्हणून अँटिव्हायरस काढून टाकायचा का? मुळीच नाही. वर सांगितलेले दोष दुरुस्त झाले आहेत, आणि अँटिव्हायरस नसलेल्या संगणकाला रोजचा धोका जास्त असतो. फक्त अपडेट कधीही बंद ठेवू नका, एकाच वेळी दोन अँटिव्हायरस चालवू नका आणि वापरात नसलेल्या जादा सोयी आजच सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा.